पाकिटावर जिवाणू, आत नुसता कोळसा

बोगस बियाणे निदान उगवत तरी नाही. आठ-दहा दिवसांत रान मोकळे दिसते, शेतकरी दुकान गाठतो, तक्रार होते, पंचनामा होतो. बोगस जिवाणू खताचे, म्हणजे बियाण्याला लावायच्या 'कल्चर'चे, तसे नसते. कल्चरच्या पाकिटात एकही जिवंत जिवाणू नसला तरी सोयाबीन उगवते, वाढते, शेंगाही धरते. उतारा एकरी दोन पोती कमी आला तर दोष पावसाला जातो, येलो मोझॅक रोगाला जातो, नाहीतर आपल्याच जमिनीला. ज्याची फसवणूक झाली त्यालाच ती कळत नाही, म्हणून हा धंदा दर खरिपाला नव्या नावाने गावात येतो. तो कसा चालतो आणि त्यातले खोटे कुठे पकडता येते, ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जिवाणू खते खोटी नाहीत. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतले नत्र (नायट्रोजन) पिकाला देणारा जिवाणू बायजेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली वेगळा केला, आणि आज राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठे बीजप्रक्रियेची शिफारस करतात. वस्तू खरी आहे आणि स्वस्त आहे. तिच्या नावावर महाग आणि निर्जीव माल खपवला जातो, हे दुखणे आहे.

मृगाच्या तोंडावर गावात गाडी येते. मंदिराच्या सभामंडपात 'मार्गदर्शन मेळावा' भरतो, चहा-पोहे होतात. टेबलावर दोन झाडे ठेवलेली असतात, एक गाठींनी लगडलेले आणि एक बोडक्या मुळांचे. ती कुठल्या रानातली, कधी उपटलेली, हे कोणी विचारत नाही. मग एकरी 'किट' पुढे येते: तीन बाटल्या, एक बादली, वर रंगीत पत्रक. किंमत सर्वांत शेवटी सांगतात, आणि आजच नोंदणी केली तर निम्म्यात. पैसे कंपनीच्या नाही, कोणा व्यक्तीच्या खात्यावर मोबाइलवरून घेतात. बिल 'व्हॉट्सअॅपवर पाठवतो' म्हणतात. ते आलेच तर त्यावर ना बॅच नंबर असतो, ना विक्री परवान्याचा क्रमांक. ऑगस्टमध्ये फोन लावावा तर बंद.

या मेळाव्यात जी वाक्ये ऐकू येतात ती जवळजवळ सगळीकडे सारखीच असतात. ती एकेक तपासली तर बरेच काही तिथेच उघडे पडते.

'आमची एक बाटली म्हणजे डीएपीची एक गोणी.' डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद (फॉस्फरस) असते. एक लिटरच्या बाटलीचे वजनच किलोभर. तिच्यातून २३ किलो स्फुरद येणार कुठून? स्फुरद विरघळवणारा जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून जमिनीत आधीच अडकून पडलेले स्फुरद थोडेफार मोकळे करतो, नवे तयार करत नाही. नत्राचेही असेच. हवेतले नत्र धरणाऱ्या अॅझोटोबॅक्टर जिवाणूकडून हेक्टरी साधारण १५ ते २० किलो नत्राची अपेक्षा धरतात, म्हणजे एकरी ६ ते ८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असते. जिवाणू खतामुळे रासायनिक खताची मात्रा काही प्रमाणात कमी करता येते. 'सगळी खते बंद करा' असे सांगणारा माणूस तुमच्या पिकाला उपाशी ठेवायला निघालेला आहे.

'चौथ्या दिवशी फरक दिसतो.' हे वाक्य सर्वांत घातक, कारण फरक खरोखर दिसतो. फक्त तो जिवाणूंचा नसतो. बाटलीत युरिया, जिबरेलिक अॅसिड किंवा ह्युमिक घातले की पाने तीन-चार दिवसांत गडद होतात, कांडी लांबते. जिवाणूला आधी मुळाशी वस्ती करावी लागते. सोयाबीनच्या गाठी डोळ्यांना दिसायलाच दीड-दोन आठवडे लागतात, आणि त्या जोमाने कामाला लागतात तोवर पीक महिन्याचे होते. चार दिवसांत हिरवेगार करणारी 'जिवाणू' बाटली म्हणजे दुसरेच काहीतरी, दुप्पट भावात.

'एका मिलीत लाख कोटी जिवाणू.' पत्रकावर हा आकडा १० चा १२ वा घात असा छापलेला असतो. साधारण जिवाणूचे आकारमान एक घन मायक्रोमीटरच्या आसपास असते, आणि एक मिलीलिटरमध्ये बरोबर १० चा १२ वा घात इतके घन मायक्रोमीटर मावतात. म्हणजे हा आकडा खरा असेल तर बाटलीत पाण्याचा थेंब नाही, नुसते जिवाणू ठासून भरलेले. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशातली किमान मर्यादा पावडरसाठी प्रति ग्रॅम ५ कोटी आणि द्रवरूपासाठी प्रति मिली १० कोटी जिवंत जिवाणू एवढी आहे. छापील आकडा किती मोठा आहे याला काही किंमत नाही. वापराच्या दिवशी किती जिवंत आहेत, तेवढेच खरे.

'सर्व कडधान्यांना एकच पाकीट.' रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारा जिवाणू, पीक ओळखतो. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो, हरभऱ्याला मेझोरायझोबियम सिसेरी. तूर, मूग, उडीद, भुईमूग, चवळी यांचा गट वेगळा, वाटाणा-मसुराचा वेगळा, लसूणघासाचा आणखी वेगळा. हरभऱ्याचे ताजे, अस्सल कल्चर सोयाबीनला लावले तरी गाठी येणार नाहीत. ज्या पाकिटावर पिकाचे नाव नाही ते रायझोबियम म्हणून घेऊच नका.

'एकदा घ्या, घरीच वाढवा, पुन्हा विकत घ्यायला नको.' गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने काडीकचरा कुजवण्यासाठी वेस्ट डीकंपोझरची वीस रुपयांची बाटली काढली, २०० लिटर पाणी आणि २ किलो गूळ घेऊन ती वाढवायची. त्या कृतीची नक्कल करून आता रायझोबियमही ड्रममध्ये वाढवायला सांगतात. सोयाबीनचा जिवाणू अतिशय सावकाश वाढतो, प्रयोगशाळेच्या ताटलीत त्याचे ठिपके दिसायला पाच ते सात दिवस जातात. उघड्या ड्रममधल्या गुळाच्या पाण्यात हवेतले यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू त्याच्या कितीतरी आधी पसरतात. सातव्या दिवशी फेस आणि आंबूस वास येतो, तो या पाहुण्यांचा. फेसाचे एकूणच असे आहे: सभेत पावडर पाण्यात टाकून 'बघा, जिवंत आहेत' असे दाखवतात, पण खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्वाचाही तसाच फेस येतो. जिवाणू जिवंत आहेत का, हे फेसावरून कधीच ठरत नाही.

गाडीवाला निदान ओळखता येतो. नेहमीच्या कृषी सेवा केंद्रातला प्रकार जास्त अवघड, कारण तिथे पाकीट खऱ्या कंपनीचे, परवाना खरा, आणि तरी आतले जिवाणू मेलेले असू शकतात. पावडर कल्चरमध्ये जिवाणू लिग्नाइट किंवा कोळशाच्या बारीक भुकटीत मुरवलेले असतात. भुकटीत ३० ते ४० टक्के ओलावा असावा लागतो. पत्र्याच्या गोदामात, मे महिन्यात, युरियाच्या थप्पीशेजारी दीड महिना पडलेल्या पाकिटातला ओलावा जातो आणि तापमान चाळिशीपुढे गेले की रायझोबियम झपाट्याने मरतो. बॅसिलस गटातले जिवाणू बीजाणू करून तग धरतात, रायझोबियमला ती सोय नाही. वाळले की संपले. ही चूक जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कृषी खात्याने हे जिवाणू कापसाच्या बोळ्यावर वाळवून देशभर वाटले. देशभर गाजावाजा झाला, खासगी कंपनीने तसली पाकिटे विकायला काढली, आणि १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या जिनिव्हा येथील कृषी संशोधन केंद्राने पाकिटे तपासली तेव्हा त्यांत कामाचे जिवाणू जवळजवळ उरलेले नव्हते.

मेलेल्या पाकिटाने किती फरक पडतो, त्याचा हिशेब करून बघू. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचे वजन ११-१२ ग्रॅम धरले तर १० किलो बियाण्यात ८३ ते ९१ हजार दाणे होतात. २५० ग्रॅमच्या पाकिटात ग्रॅमला ५ कोटी या दराने १,२५० कोटी जिवाणू, म्हणजे दाण्याला सुमारे १ लाख ४० हजार. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला लाखभर लागतातच, कारण लावताना, सुकताना आणि तापलेल्या मातीत त्यातले बरेच जातात. आता पाकिटात ग्रॅमला १० हजारच उरले असतील तर? दाण्याला अठ्ठावीस. पेरणीपर्यंत त्यातला एकही पोचेल याची खात्री नाही. दोन्ही पाकिटे दिसायला मात्र काळी, सारखीच.

लिंकिंग हा यातला सर्वांत उघड आणि सर्वांत कमी नोंदवला जाणारा अन्याय. डीएपी किंवा युरियाची टंचाई असली की गोणीबरोबर एखादी बाटली किंवा 'जैविक' बादली घ्यावीच लागते, नाहीतर खत नाही. दुकानदार म्हणतो, 'वरूनच तसा माल येतो, दादा, मी काय करू?' त्याच्यावरही दबाव असतो हे खरे. पण असली सक्ती बेकायदेशीर आहे, आणि अशा रीतीने गळ्यात मारलेला माल बहुधा मुदत संपत आलेला असतो. सक्ती झालीच तर दोन्ही वस्तू एकाच बिलावर, तारखेसह आणि बॅच नंबरसह मागा. दुकानदार वेगळे बिल करतो ते सक्ती कागदावर दिसू नये म्हणूनच.

पाकीट हातात आले की घाई करू नका. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. म्हणून पाकिटावर जिवाणूचे नाव, कोणत्या पिकासाठी, पावडर की द्रव, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, निव्वळ वजन आणि साठवणुकीची सूचना असायला हवी. पावडरची मुदत साधारण सहा महिने, द्रवरूपाची वर्षभर. तारखेवर चिकटपट्टी असेल तर नखाने उचलून खाली काय आहे ते पाहा. दुकानदाराच्या परवान्याला त्या कंपनीचा ओ फॉर्म (माल त्याच कंपनीकडून येतो याचा दाखला) जोडलेला आहे का, ते विचारा. विचारण्यात संकोच नको.

आणखी एक पळवाट शब्दांत असते. विकणारा तोंडाने 'बॅक्टेरिया' म्हणतो, लेबलवर मात्र 'जैव उत्तेजक', 'माती सुधारक' किंवा नुसतेच 'सेंद्रिय' लिहिलेले असते. २०२१ मध्ये जैव उत्तेजके या आदेशात आली, पण त्यांचे परिशिष्ट वेगळे, निकष वेगळे. जिवाणू खतांची संख्येची अट त्यांना लागत नाही. उद्या तक्रार केली तर उत्तर तयार असते: आम्ही जिवाणू विकलेच नव्हते. म्हणून बोललेले धरू नका, छापलेले वाचा.

मोठ्या पाकिटातही फसवणूक असते, लहान बाटलीत तर असतेच. उसासाठी राहुरीच्या विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १० किलो अॅसिटोबॅक्टर (उसाला नत्र पुरवणारा जिवाणू) आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून त्यात बेणे अर्धा तास बुडवण्याची आहे, आणि त्यावर नत्र निम्मे व स्फुरद पाव भाग वाचवता येते. म्हणजे एकरी ४ किलो अॅसिटोबॅक्टर, जिवाणूंच्या हिशेबाने २० हजार कोटी. द्रवरूपात तेवढे यायला दोन लिटर हवेत. १०० मिलीची बाटली 'एकराला पुरते' म्हणून देतात तिच्यात प्रमाणाप्रमाणे भरलेले असले तरी विसावा भाग येतो. ती बाटली घेऊन खत मात्र निम्मे केले, तर तोटा दोन्हीकडून.

आता आपल्या बाजूच्या चुका. तक्रार केली की विक्रेत्याचे पहिले वाक्य असते, 'तुम्हीच औषध लावलं असेल.' कित्येकदा ते खरेही निघते. बीजप्रक्रियेचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वांत शेवटी जिवाणू असा आहे. सगळे एकाच बादलीत कालवले की जिवाणू तिथेच मरतात. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करावा, त्यात १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम कल्चर कालवून बियाण्यावर शिंपडावे आणि हलक्या हाताने चोळावे. लागेल तेवढेच द्रावण वापरा, सोयाबीनचे साल नाजूक असते, जास्त भिजले की सुटते. द्रवरूप असेल तर १० किलोला १०० मिली पुरते. गोणपाटावर सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. उन्हात सुकवलेले किंवा पेरताना रासायनिक खतात मिसळलेले बियाणे म्हणजे चांगले पाकीट वाया. हे सगळे नीट केल्याचे मोबाइलवर तारखेसह फोटो काढून ठेवा, पुढे वादात उपयोगी पडतात.

रायझोबियम जिवंत आहे का, हे घरी तपासता येते. महिना हाताशी हवा. नदीची वाळू पाच-सहा पाण्यांनी धुऊन कढईत अर्धा तास भाजा, गार करा. कुंड्या उकळत्या पाण्याने धुवा. वाळूत चिमूटभर सुपर फॉस्फेट आणि चिमूटभर राख घाला, युरिया किंवा शेणखत अजिबात नको, नत्र मिळाले की झाड गाठी धरायचे टाळते. तीन कुंड्यांत कल्चर न लावलेले दाणे आधी टोका आणि तीन कुंड्यांत लावलेले नंतर. उलटे केले तर हाताला लागलेले जिवाणू साध्या कुंडीत जातात आणि परीक्षाच फुकट जाते. उकळून गार केलेले पाणी द्या, दोन्ही गट अंतराने ठेवा. चौथ्या आठवड्यात झाडे काढून मुळे पाण्यात हलवा. साध्या कुंडीत गाठी नाहीत आणि कल्चरच्या कुंडीत आहेत, तर पाकीट जिवंत. दोन्हीकडे नाहीत, तर पाकीट मेलेले. दोन्हीकडे आहेत, तर तुमची वाळू नीट भाजली गेली नाही. अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची अशी घरगुती परीक्षा नाही, त्यांना प्रयोगशाळाच लागते.

शेतातही चार-पाच तास, म्हणजे पिकाच्या ओळी, कल्चर न लावता पेरा आणि खुंटी ठोकून ठेवा. ३०-३५ दिवसांनी दोन्हीकडची झाडे फावड्याने मातीसकट काढा, ओढून उपटू नका, गाठी जमिनीतच तुटून राहतात. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी-लाल दिसले पाहिजे. पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नाही. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या रानात जुने जिवाणू असतातच, म्हणून साध्या तासांतही गाठी सापडतील. तिथे जागा पाहा: बियाण्याला लावलेल्या कल्चरच्या गाठी सोटमुळाच्या वरच्या भागात, खोडाच्या जवळ गर्दी करतात, जमिनीतल्या जिवाणूंच्या गाठी आडव्या मुळांवर विखुरलेल्या असतात. पहिल्यांदाच सोयाबीन घेणाऱ्याचे नुकसान सर्वांत जास्त होते, त्याच्या रानात भरवशाला काहीच नसते.

संशय आला तर उघडलेले पाकीट घेऊन प्रयोगशाळेत धावू नका. फोडलेल्या पाकिटाच्या अहवालाला पुढे कोणी विचारत नाही. म्हणूनच खरेदी करतानाच त्याच बॅचचे एक पाकीट जास्तीचे घ्या आणि न उघडता माठाशेजारी, थंड सावलीत ठेवा. तक्रार लेखी, पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, पोच घेऊन. बिलाची प्रत, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि बॅच नंबर जोडा. गुणनियंत्रण निरीक्षक दुकानातून त्याच बॅचची सीलबंद पाकिटे नमुना म्हणून घेतो आणि ती अधिकृत प्रयोगशाळेत जातात. गाझियाबादच्या सेंद्रिय शेती केंद्राच्या विभागीय केंद्रांपैकी एक नागपूरला आहे. नमुना मुदतीच्या आत घेतला जायला हवा, त्यामुळे काढणीपर्यंत थांबू नका. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाण्यांच्या एका खटल्यात सांगितलेले आहे. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पीक थांबत नाही. महिन्याच्या सोयाबीनला गाठी नाहीत आणि खालची पाने पिवळी पडायला लागली असतील, तर जमिनीत ओल असताना नत्र द्या, एकरी एक गोणी युरिया दोन हप्त्यांत. चार ओळी मात्र तशाच, काही न देता ठेवा. पंचनाम्याला येणाऱ्याला दाखवायला त्याच उरतात.